नागपूरच्या उन्हाळ्यात समुद्री परफ्यूम: निवडायचा कसा, लावायचा कसा

नागपुरातून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र गाठायला रात्रभराची गाडी लागतेच. तरी मार्च उजाडला की बर्डीपासून सदरपर्यंत दुकानांच्या काचेत निळ्या बाटल्या पुढे येतात. लाटा, शिंपले, नारळाची झाडं, आणि खाली लिहिलेलं असतं ‘युनिसेक्स’. घेणारे हौसेने घेतात आणि मे महिन्यात दोनपैकी एक तक्रार करतात: ‘टिकतच नाही’ किंवा ‘डोकं उठतं’.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. हे सुगंध दमट वाऱ्यासाठी आणि तीस-बत्तीस अंशांसाठी बांधलेले असतात. आपल्याकडे मेच्या दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवेतली आर्द्रता कधी २० टक्क्यांवर, कधी त्याहीखाली. अशा हवेत वरचे हलके वास काही मिनिटांत उडतात आणि मागचे जड वास एकटे उरतात. म्हणून मुंबई-गोव्याकडच्या लोकांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आमच्या घरी एकच बाटली मी आणि धाकटा भाऊ दोघं वापरतो. त्यातून आणि ओळखीच्यांच्या तक्रारी ऐकून जे हाती लागलं ते खाली क्रमाने लिहिलंय.

आधी हे जवळ ठेवा

- बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली
- कागदाच्या पट्ट्या (दुकानात फुकट मिळतात) आणि पेन्सिल
- ५ किंवा १० मिलीची रिकामी स्प्रे बाटली
- पांढरा सुती रुमाल
- दुकानाचं पक्कं बिल, आणि खोकं फेकून न देण्याची सवय

१. बाटलीतला समुद्र कुठला, ते आधी ओळखा

मिठाला वास नसतो. आपण ज्याला समुद्राचा वास म्हणतो तो बराचसा डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा असतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तो तयार होतो. त्यात शेवाळ, ओली वाळू आणि मासळी मिसळते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी उभं राहून आलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही, आणि तो कुणी शर्टावर मारून ऑफिसला जाणार नाही. परफ्यूमवाले आपल्याला समुद्राची कल्पना विकतात. ती ढोबळमानाने चार प्रकारांची असते.

पहिला प्रकार *कॅलोनचा*. हा रेणू फायझर या औषध कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना १९६६ साली सापडला. वास टरबुजाचा, त्यात थोडा शिंपल्याचा खारटपणा. १९९० च्या दशकातले बहुतेक ‘पाण्याचे’ परफ्यूम याच्यावर उभे आहेत. नागपूरसाठी हा सगळ्यात अवघड प्रकार. कॅलोन अगदी थोडं लागतं, ते चिवट असतं आणि लवकर उडत नाही. सोबतचं लिंबू, पुदिना उडून गेलं की ते एकटंच राहतं, आणि दुपारी दोनला त्याचा वास चिरून उघड्यावर ठेवलेल्या टरबुजासारखा येऊ लागतो. सगळ्यांच्या अंगावर असं होत नाही, पण होतं तेव्हा शेजारच्याला आधी कळतं.

दुसरा *साबणासारखा थंड, धातूचा स्पर्श असलेला* प्रकार. यात डायहायड्रोमर्सेनॉल नावाचा घटक पुढे असतो. लिंबू आणि लॅव्हेंडरच्या मधला, नुकत्याच धुतलेल्या कपड्यांचा वास. १९८८ साली आलेल्या डेव्हिडॉफच्या ‘कूल वॉटर’ने तो घराघरांत पोचवला. हा पुरुषांकडे झुकलेला मानतात, पण मुलींनी लावला म्हणून काही बिघडत नाही. आपल्या उन्हात तो चांगला वागतो, फक्त लवकर संपतो.

तिसरा *खारट लाकडाचा*. यात अँब्रॉक्सन किंवा त्याच्या जवळचे घटक असतात. वाळलेलं लाकूड, उन्हात तापलेली त्वचा, किंचित मीठ. २०१४ मध्ये आलेला ‘जो मलोन’ या कंपनीचा ‘वुड सेज अँड सी सॉल्ट’ याच वाटेवरचा. माझं मत विचाराल तर नागपूरकराने इथूनच सुरुवात करावी. वरचा ताजेपणा उडाल्यावर जे उरतं तेच या प्रकाराचं खरं अंग आहे, त्यामुळे ऊन त्याचं फारसं बिघडवू शकत नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. अँब्रॉक्सन हा अंबरग्रीसचा पर्याय आहे, आणि अंबरग्रीस म्हणजे वर्तमानपत्रात ‘व्हेल माशाची उलटी जप्त’ म्हणून छापून येतं ते. त्याची खरेदी-विक्री आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा कुणी ‘असली अंबर आहे’ म्हणून चोरून कुपी पुढे केली तर माल खोटा तरी असेल किंवा तुम्हाला पोलीस ठाण्यात नेणारा तरी. आजचं अँब्रॉक्सन क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या घटकापासून बनवता येतं. त्याला व्हेलची गरज नाही.

चौथा *नारळ आणि सनस्क्रीनचा*. मेझों मार्जेलाचा २०१२ चा ‘बीच वॉक’ हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण: बर्गामोट (एक लिंबूवर्गीय फळ), यलांग-यलांग (एक गोड वासाचं फूल), नारळाचं दूध, मस्क (कस्तुरीसारखा वास). संध्याकाळी फुटाळ्यावर फिरायला छान. दिवसा मात्र गोडवा वाढत जातो, आणि केसांना खोबरेल तेल लावलेलं असेल तर काय कुठून येतंय ते कळेनासं होतं.

२. ‘युनिसेक्स’ शब्दावर वेळ घालवू नका

बाईच्या आणि पुरुषाच्या परफ्यूममध्ये रेणूंची अशी काही वाटणी नसते. वाटणी जाहिरातीत आणि बाटलीच्या आकारात असते. १७०९ पासून जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना कुटुंब जे सुगंधी पाणी विकत आलं, ते स्त्री-पुरुष दोघं वापरत. १९९४ मध्ये कॅल्विन क्लाइनच्या ‘सीके वन’ने तीच गोष्ट नव्याने विकली. आपल्याकडे तर आजोबांच्या कानात अत्तराचा फाया असायचा तो खसाचा, मोगऱ्याचा किंवा हिन्याचा, आणि त्यावर कुणी काही बोलत नसे.

खरा फरक माणसामाणसांत पडतो. माझी त्वचा कोरडी, भावाची तेलकट. एकाच बाटलीतून लावलं तर त्याच्यावर खारट लाकूड टिकतं आणि माझ्यावर तासाभरात मस्कच उरतो. तेव्हा ‘मैत्रिणीवर भारी वाटला’ म्हणून बाटली घेऊ नका.

३. बाटलीवरची अक्षरं वाचा

- ओ द कोलोन: सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्के
- ओ द टॉयलेट: ५ ते १५ टक्के
- ओ द परफ्यूम: १५ ते २० टक्के
- नुसतं ‘परफ्यूम’ किंवा ‘एक्स्ट्रे’: २० च्या वर

हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. बॉडी मिस्ट यांच्याही खाली.

‘उन्हाळ्यात उडून जातं, मग जास्त कडक घेऊ’ हा सरळ वाटणारा विचार समुद्री परफ्यूमच्या बाबतीत फसतो. तेल वाढवलं तरी लिंबू-पुदिना जास्त वेळ थांबत नाही, मागचं जड अंगच वाढतं. दिवसासाठी ओ द टॉयलेट घ्या आणि पिशवीत छोटी स्प्रे बाटली ठेवा. ओ द परफ्यूमच हवा असेल तर एकाच फवाऱ्यावर थांबायची तयारी ठेवा.

४. दुकानात वास घ्या, निर्णय बाहेर उन्हात करा

या लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा.

संध्याकाळी सात वाजता मॉलच्या एसीत उभं राहून उन्हाळ्याचा परफ्यूम निवडणं म्हणजे परीक्षा न घेताच निकाल लावणं. बावीस-तेवीस अंशांत प्रत्येक समुद्री परफ्यूम सुंदर वाटतो. म्हणून दुपारी बारा-एकच्या सुमारास जा. जाताना तर्री पोहे खाऊन जाऊ नका, बोटांना आणि नाकात मसाला राहतो. त्या दिवशी अंगावर दुसरा डिओ, सुगंधी तेल, पावडर काही नको.

दुकानात असं करा:

पट्टीवर आधी पेन्सिलने नाव लिहा, मग फवारा मारून घ्या. विक्रेता पट्टी हलवत लगेच नाकाशी आणेल. त्या क्षणी तुम्हाला फक्त स्पिरिट येतं. मिनिटभर थांबा. एका वेळी चारच्या वर पट्ट्या हुंगू नका, पाचवीपासून नाक हार मानतं. काउंटरवर कॉफीच्या दाण्यांची वाटी असते, तिचा विशेष उपयोग होत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या त्वचेचा वास घ्या किंवा दारापाशी जाऊन दोन श्वास घेऊन या.

चारातले दोन निवडा. एक डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, एक उजव्या, प्रत्येकी एक फवारा. आणि काही न घेता बाहेर पडा. इथे थोडा निगरगट्टपणा लागतो. ‘ताई, आठ तास कुठं जात नाही, लिहून देतो’, ‘आजच ऑफर आहे’, ‘शेवटचा पीस आहे’ हे सगळं ऐकू येईल. हसा, ‘येते थोड्या वेळात’ म्हणा आणि निघा.

व्हेरायटी चौकाच्या बाजूने पंधरा-वीस मिनिटं चाला. डोक्यावर दुपट्टा घ्या, पाण्याची बाटली बरोबर ठेवा, परफ्यूमपायी ऊन लागायला नको. मग कुठेतरी सावलीत बसून लिंबूपाणी घ्या आणि दोन्ही हात आलटून-पालटून हुंगा. एसीत जी ‘समुद्राची झुळूक’ वाटली होती ती इथे बहुतेक वेळा गेलेली असते. आता काय उरलंय ते बघा. खारट, लाकडी, स्वच्छ असं काही असेल तर पास. टरबूज वर येत असेल, घशाशी गोडवा जाणवत असेल किंवा कपाळ जड वाटत असेल तर तो परफ्यूम तुमच्यासाठी नाही, मग नाव कितीही मोठं असो. घरी गेल्यावर तासाभराने आणि संध्याकाळी पुन्हा बघा. संध्याकाळचा वास आवडला तरच बाटली घ्यायला परत या.

अजून एक गंमत. अँब्रॉक्सन, काही मस्क यांसारखे रेणू काही माणसांच्या नाकाला येतच नाहीत. भाऊ एकदा चार फवारे मारून म्हणे, ‘काही येऊन नाही राहिलं बे याच्यात’, आणि आई स्वयंपाकघरातून विचारत होती की घरात कुणी काय सांडलं. म्हणून निर्णयाच्या आधी घरातल्या कुणाला तरी हाताचा वास घ्यायला सांगा.

५. पैसे देण्याआधी खोकं नीट बघा

रस्त्यावर आणि ओळखीपाळखीतून ‘फर्स्ट कॉपी’, ‘टेस्टर पीस’, ‘दुबईचा माल’ या नावांनी निळ्या बाटल्या भरपूर फिरतात. त्वचेवर लावायची वस्तू आहे, इथे काटकसर करू नका. खोक्यावर हे असलंच पाहिजे:

- एमआरपी, मिलीमध्ये प्रमाण, निर्मितीचा महिना आणि वर्ष
- आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक
- घटकांची यादी
- बॅच क्रमांक, आणि तोच क्रमांक बाटलीच्या बुडाशी

यातलं एक नसेल तरी मी सोडून देते. कमी पैशांत हवा असेल तर नकलेपेक्षा एखाद्या भारतीय कंपनीचा साधा समुद्री परफ्यूम घ्या, निदान कुणी बनवला ते कळतं. पहिल्या वेळी १०० मिलीच्या मोहात पडू नका. ‘दोनशे रुपयेच जास्त, दुप्पट मिळतं’ हे खरं असलं तरी नागपूरचा उन्हाळा बाटलीलाही लागतो. ३० किंवा ५० मिली पुरतं.

६. एक दिवस त्वचेला विचारा

कोपराच्या आत एक छोटा फवारा मारून पुढचे चोवीस तास खाज, लाली, पुरळ येतंय का बघा. घामोळ्यांवर, नुकत्याच दाढी किंवा वॅक्स केलेल्या जागेवर अजिबात लावू नका. स्पिरिट झोंबतं आणि जळजळ दिवसभर राहते. दमा किंवा अर्धशिशीचा त्रास असेल तर आधी कपड्यावर लावून बघा, थेट मानेवर नको.

उन्हाची एक वेगळी भानगड आहे. बर्गामोट आणि लिंबाच्या काही तेलांत असे घटक असतात की ते त्वचेवर असताना कडक ऊन पडलं तर तपकिरी डाग पडू शकतात. मोठ्या कंपन्या हे घटक काढून टाकतात किंवा प्रमाण मर्यादेत ठेवतात. घरी तेलं मिसळून केलेल्या मिश्रणांचा आणि बेनामी बाटल्यांचा मात्र भरवसा नाही. समुद्री परफ्यूममध्ये लिंबू-बर्गामोट हमखास असतं. म्हणून उघड्या गळ्यावर आणि हातांवर लावून गाडी चालवायची नाही, एवढं पाळलंत तरी पुरे.

७. सकाळी लावायची पद्धत

आंघोळ झाली, अंग पुसलं, पण त्वचा थोडी ओलसर आहे, तेव्हा मॉइश्चरायझर लावा. आपल्या कोरड्या हवेत त्वचा सुकते आणि कोरड्या त्वचेवर सुगंध थांबत नाही. जिथे परफ्यूम मारायचा तिथे जेलीचा अगदी पातळ हात फिरवला तरी चालतं. सनस्क्रीन लावत असाल तर तो आधी, आणि तो मुरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा.

पावडरीचं काय? नागपुरात उन्हाळ्यात गार पावडर न लावणारं घर विरळा. पण तिच्यातला कापूर-मेंथॉल समुद्री परफ्यूमच्या अंगावर येतो. पावडर हवीच असेल तर बिनवासाची घ्या, किंवा पावडर पाठीला लावा आणि परफ्यूम पुढच्या बाजूला.

आता जागा. मासिकांत लिहितात कानामागे, गळ्यावर, मनगटावर. इथे ते चालत नाही, कारण आपण घराबाहेर पडताना तोंडाला दुपट्टा किंवा स्कार्फ गुंडाळतो, वर हेल्मेट. गळ्यावर मारलेला परफ्यूम त्या कापडाच्या आत कोंडला जातो, घामाबरोबर तापतो आणि वर्धा रोडच्या सिग्नलपर्यंत सरळ नाकात शिरत राहतो. ‘डोकं उठतं’ची निम्मी प्रकरणं इथली आहेत. म्हणून खाली लावा:

- छातीच्या मध्यावर, बनियन किंवा कुर्त्याच्या आत, एक फवारा
- कोपराच्या आत किंवा गुडघ्यामागे, एक फवारा

बस्स, दोनच. बाटली अंगापासून वीतभर लांब धरा. कपड्याच्या आत लावलेला सुगंध हळूहळू वर येतो आणि ऊनही त्याला थेट लागत नाही. मनगटावर लावलाच तर मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्याने रेणू ‘तुटतात’ म्हणतात ते खरं नाही, पण उबेने वरचे हलके वास आणखी लवकर उडतात, आणि आपल्याकडे ते आधीच पळायच्या तयारीत असतात.

कपड्यावर लावायचा असेल तर सुती कपड्यावर, आतल्या बाजूने. सुतावर सुगंध त्वचेपेक्षा जास्त टिकतो. पण रंगीत द्रवाचा परफ्यूम पांढऱ्या शर्टावर पिवळा डाग पाडू शकतो आणि रेशमावर तर नक्कीच धोका, म्हणून आधी पांढऱ्या रुमालावर बघा. हा रुमाल नंतर फार कामाचा. त्यावर एक फवारा मारून पर्समध्ये ठेवायचा आणि लागेल तेव्हा बाहेर काढायचा. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत मी अंगाला परफ्यूम लावतच नाही, फक्त रुमालाला. ज्या दिवसांत आजी लोकांच्या खिशात कांदा ठेवायला सांगते, त्या दिवसांत त्वचेला तेवढी सुटी द्यायला हवी.

लावताना गार वाटतं ते स्पिरिट उडाल्यामुळे, काही सेकंदांपुरतं. ‘कूलिंग’ लिहिलेलं आहे म्हणून उन्हापासून काही बचाव होत नाही. त्यासाठी पन्हं आणि ताक.

८. कूलर, एसी, मेट्रो: दिवसभरात काय होतं

घरात कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि मगाशी ‘गेला’ असं वाटलेला परफ्यूम पुन्हा जाणवू लागतो. नाक ओलसर हवेत जास्त चांगलं काम करतं. म्हणूनच बाहेरून घरी आल्या-आल्या पुन्हा फवारा मारायची घाई करू नका, कूलरसमोर पाच मिनिटं बसून बघा. कूलरला खसाच्या ताट्या असतील तर मजा आणखी. वाळ्याचा मातकट ओलावा आणि खारट लाकूड यांचं छान जमतं. बऱ्याच समुद्री परफ्यूमच्या तळाशी वाळा असतोच. वुडवूलच्या जुन्या, कुबट झालेल्या ताट्यांबरोबर मात्र कुठलाच परफ्यूम तग धरत नाही, आधी ताट्या बदला.

ऑफिसच्या एसीत उलटं. थंड, बंद खोलीत तुमचे दोन फवारे शेजारच्या टेबलापर्यंत पोचतात आणि तुम्हाला स्वतःला काही येत नाही, कारण नाकाला सवय होते. ‘मला येत नाही’ हा पुन्हा मारण्याचा निकष नाही. शेजारणीला विचारा. मेट्रोत सीताबर्डीच्या अदलाबदलीला गर्दी असते तेव्हा तर निघण्याआधी लावलेलं पुरेसं असतं, डब्यात स्प्रे काढणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

पुन्हा लावायची योग्य वेळ: ऊन उतरल्यावर, हात-पाय-मान धुऊन, कोरडं करून, एक फवारा. घामावर मारू नका. घाम झाकला जात नाही, दोन्हींचा मिळून तिसराच वास तयार होतो.

९. बाटली कुठे ठेवायची

परफ्यूमचे तीन शत्रू: उष्णता, उजेड, हवा. नागपुरात पहिला इतका मोठा आहे की बाकीच्या दोघांकडे लक्ष जात नाही.

खिडकीजवळचं ड्रेसिंग टेबल नको. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट तर मुळीच नको, संध्याकाळी त्याला हात लावून बघा. बाथरूममध्ये गिझरची वाफ. सगळ्यात बरी जागा म्हणजे घराच्या आतल्या खोलीतला लाकडी खण, खालचा, आणि बाटली तिच्या खोक्यातच. वरच्या मजल्यावर, गच्चीखाली राहत असाल तर मे महिन्यापुरतं फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात डब्यात बंद करून ठेवलं तरी चालतं. सांभारासोबत, म्हणजे कोथिंबिरीसोबत, उघडं ठेवू नका, इतकंच.

गाडीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये बाटली विसरू नका. आत मुख्यतः अल्कोहोल आहे, ते ज्वालाग्राही आहे, आणि सुगंधाची तर एका आठवड्यात वाट लागते. त्याच कारणाने लावल्या-लावल्या गॅसपाशी किंवा देवघरात निरांजनापाशी जाऊ नका, मिनिटभर सुकू द्या.

खोक्यावर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ‘३६ एम’ असं काही असतं. म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. नीट ठेवलेला परफ्यूम त्याहून जास्तही चालतो. रंग गडद झाला, पहिल्याच फवाऱ्याला आंबूस किंवा व्हिनेगरसारखा वास आला, की त्वचेवर लावणं बंद.

१०. स्वस्तातला देशी समुद्र

मोमिनपुरा किंवा इतवारीकडच्या अत्तराच्या दुकानांत गेलात तर ‘समुद्राचं काही आहे का’ असं विचारू नका, हमखास निळ्या रंगाचं ‘कूल’ काहीतरी पुढे येईल. केवडा मागा. केवडा किनाऱ्याचंच झाड आहे. ओडिशात गंजाम जिल्ह्यात समुद्राकाठी त्याची बनं आहेत, आणि तिथल्या केवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. सोबत थोडा खस घ्या. आधी खसाचा ठिपका, त्यावर काडीच्या टोकाला येईल एवढाच केवडा, कारण तो फार जोरकस आहे. अत्तर तेलात असल्यामुळे उन्हात सावकाश उडतं, आणि स्पिरिट नसल्याने झोंबत नाही. कपड्यावर डाग मात्र पडतो, म्हणून फाया कानातच बरा.

धाडस असेल तर दुकानदाराला ‘चोया नख’बद्दल विचारा. समुद्री शिंपले भाजून काढलेला हा धुरकट अर्क कनौजकडचे अत्तरवाले वापरतात. नुसता लावायची गोष्ट नाही ती, पण कुपीचं झाकण उघडून एकदा हुंगलीत तर निळ्या बाटल्यांमधला समुद्र किती धुऊन-पुसून ठेवलेला असतो ते लगेच कळतं.

मृग लागून पाऊस स्थिरावला की हे सगळे हिशेब बदलतात. हवा दमट झाली की मे महिन्यात अर्ध्या तासात पळणारा परफ्यूम जुलैत दुपारपर्यंत बसतो. तेव्हा दोनाचा एक फवारा करा, मॉइश्चरायझरची पायरी गाळा, आणि उन्हाळ्यात नापास केलेला एखादा टरबुजाचा प्रकार आवडत होता असं वाटत असेल, तर त्याची पट्टी पुन्हा एकदा मागून बघा.